घरबसल्या कमवा : एका जाहिरातीचा इतिहास

काही जाहिराती पिढ्यानपिढ्या टिकतात. माझ्या मते त्यातली सगळ्यात चिवट जाहिरात साबणाची नाही आणि चहाचीही नाही. ती आहे : "घरबसल्या कमवा. महिला, विद्यार्थी, निवृत्त व्यक्ती, सर्वांसाठी. अनुभवाची गरज नाही." एसटी स्टँडच्या भिंतीवर, पेपरमधल्या छोट्या जाहिरातींत, रेल्वेच्या डब्यात संडासाच्या दारावर आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर... जागा बदलत गेली, मजकूर जवळजवळ तोच राहिला. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फ्रंट एंड दर पाच वर्षांनी नवीन, बॅक एंडला कुणी हात लावलेला नाही :)

गेले काही महिने शनिवार-रविवारी या जाहिरातीचा इतिहास गोळा करायचा नाद लागला होता. तुम्ही म्हणाल, फसवणुकीचा कसला इतिहास? फसवणारे फसवतात, फसणारे फसतात, संपलं. पण तसं नाहीये. या धंद्याच्या आवृत्त्या आहेत, प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करून आलेली आहे, आणि तो क्रम एकदा डोक्यात बसला की नवीन आवृत्ती ओळखायला फार वेळ लागत नाही. म्हणून हा खटाटोप.

माझं गाव वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. ज्यांना वाशीम नकाशावर सापडत नाही (पुण्यात असे बरेच भेटतात) त्यांच्यासाठी : १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि वाशीम वेगळा जिल्हा झाला. सहा तालुके : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. कधीकाळी हे वाकाटकांचं वत्सगुल्म, म्हणजे चक्क राजधानी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, आणि सहातला जेमतेम एक माणूस शहरात राहणारा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' निवडले तेव्हा महाराष्ट्रातून चार घेतले : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि वाशीम. 'आकांक्षित' हा मागासलेपणाला दिलेला सभ्य शब्द आहे, पण आकांक्षा मात्र खरीच आहे. सोयाबीन निघालं की शेतात काम नाही, कारखाने नाहीत, आणि बारावी-बीए झालेल्या मुली घरात. त्यांना बाहेरगावी पाठवायला घरचे तयार नसतात. अशा घरात "घरबसल्या कमवा" ही ओळ कशी ऐकू येत असेल याचा विचार हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये बसून करून बघा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. घरबसल्या काम ही थाप नाही. ते खरंच असतं आणि महाराष्ट्रात फार जुनं आहे. गोंदिया-भंडारा पट्ट्यात, सिन्नरला, सोलापुरात बायकांनी पिढ्यानपिढ्या घरी बसून बिड्या वळल्या. ठेकेदार तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा देणार, बाई बिड्या वळून परत देणार, हजाराच्या हिशोबाने मजुरी घेणार. यात पिळवणूक होती, आणि भरपूर होती. पानं कमी द्यायची, चांगल्या बिड्या 'खराब' म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी बुडवायची. म्हणूनच १९६६ चा बिडी-सिगार कामगार कायदा आला आणि त्याने घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही 'कामगार' मानलं. तेव्हा बिडीचं उदाहरण मी गोड म्हणून देत नाही. पण एक गोष्ट बघा. तिथल्या ठेकेदाराने बाईला पानं दिली, बाईने ठेकेदाराला पैसे दिले नाहीत. मजुरी कमी असेल, पण ती तिच्याकडे येत होती.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ते लिज्जत. (त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.) पुढे संस्था वाढली तेव्हाची पद्धत अशी : सकाळी केंद्रावर जायचं, मळलेलं पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. पीठ संस्थेचं, मेहनत बाईची, पैसे संस्थेकडून बाईकडे.

आम्हा प्रोग्रामर लोकांना काहीही समजून घ्यायचं असलं की आधी कागदावर चौकोन आणि बाण काढायची सवय. बिडी आणि पापड या दोन्हींचं चित्र काढलं तर ते सारखंच येतं. माल जातो काम करणाऱ्याकडे, वस्तू येते मालकाकडे, वस्तू जाते गिऱ्हाइकाकडे, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून निघालेला पैसा उलट्या दिशेने झिरपत काम करणाऱ्यापर्यंत येतो. झिरपताना कमी होतो, ही तक्रार खरी. पण बाणाची दिशा ठरलेली. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिली आवृत्ती. ती आपली नाही, अमेरिकेची. १९३० च्या दशकातल्या मंदीत तिथल्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत : घरी बसून पाकिटं भरा, दर पाकिटामागे पैसे मिळवा, माहितीसाठी एक-दोन डॉलर पाठवा. लोक डॉलर पाठवत. उत्तरात पाकिटं यायचीच नाहीत. यायचं एक पत्र : "अशीच जाहिरात तुम्हीही द्या आणि येणारे डॉलर ठेवून घ्या." अक्षरशः रिकर्शन! काम नावाची गोष्टच अस्तित्वात नाही, जाहिरात हेच काम. आपल्याकडे हाच प्रकार पोस्ट बॉक्स नंबर आणि मनीऑर्डरच्या जमान्यात आला. या आवृत्तीचं वैशिष्ट्य असं की रक्कम छोटी, त्यामुळे तक्रार करायला कुणी जात नाही. दहा-वीस रुपयांसाठी पोलीस स्टेशनची पायरी कोण चढणार?

दुसरी आवृत्ती कॉम्प्युटरबरोबर आली, आणि ही माझ्या पिढीने डोळ्याने पाहिलेली. दोन हजारच्या दशकात तालुक्याच्या गावी सायबर कॅफे उघडले आणि भिंतींवर 'डेटा एन्ट्री' हा शब्द दिसायला लागला. काही हजार रुपये डिपॉझिट भरा, एक सीडी मिळेल, तिच्यात स्कॅन केलेली पानं असतील, ती टाइप करून द्या, पानामागे इतके रुपये. आमच्याच ओळखीतल्या एका मुलाने यात महिनाभर रात्री जागून पानं टाइप केली. काम देणाऱ्यांनी (नाव कशाला घ्या, ते ऑफिस दोन महिन्यांत रिकामंही झालं) त्याला सांगितलं की अचूकता ९८ टक्के हवी, तुझी कमी भरली, म्हणून पेमेंट नाही आणि डिपॉझिट जप्त. अचूकता मोजली कुणी, कशी, हे विचारायची सोय नव्हती. स्कॅन मुद्दाम धूसर होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

इथे एक सुधारणा झालेली दिसते. पहिल्या आवृत्तीत काम नव्हतंच, त्यामुळे माणसाला लगेच कळायचं की आपण फसलो. दुसऱ्या आवृत्तीत काम आहे, भरपूर आहे, फक्त त्याची कुणाला गरज नाही. राबल्यामुळे माणसाला वाटतं की चूक आपलीच, आपलंच टायपिंग कच्चं. बिडीवालीच्या चांगल्या बिड्या 'खराब' ठरवायच्या ती जुनी युक्ती इथे टोकाला गेली : सगळ्याच बिड्या खराब.

याच आवृत्तीला पुढे एक विषारी शेपूट फुटलं, ते आजही चालू आहे. आता डिपॉझिट मागत नाहीत, ऑनलाइन करारावर सही घेतात. पाच-सहा दिवसांत अशक्य वाटेल इतका डेटा भरायचा. नाही जमलं की 'वकिलाची' नोटीस येते : कराराचा भंग झाला, इतके हजार दंड भरा, नाहीतर कोर्टात केस, घरी पोलीस. मुली घाबरतात, घरी सांगत नाहीत, कानातलं गहाण ठेवून पैसे भरतात. म्हणून हे नीट सांगतो. टायपिंगचं काम वेळेत झालं नाही हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस येत नाहीत. करारात दंड कितीही मोठा लिहिला असला तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट फक्त वाजवी भरपाईच देऊ शकतं, आणि फसवून करून घेतलेला करार तर रद्द करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली वकिलाची पीडीएफ म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. पैसे भरू नका, ती नोटीस जपून ठेवा आणि तीच घेऊन पोलिसांकडे जा.

तिसरी आवृत्ती सगळ्यात मोठी. स्पीक एशिया. २०१० मध्ये सिंगापूरच्या नावाने भारतात आली. काम सोपं : ऑनलाइन सर्व्हे भरायचे. वर्षाचे ११,००० रुपये भरून सभासद व्हा, आठवड्याला दोन सर्व्हे भरा, प्रत्येकी ५०० रुपये मिळवा. शिवाय नवीन सभासद आणला की त्याचं कमिशन वेगळं. टीव्हीवर जाहिराती, हॉटेलांत सेमिनार, स्टेजवर चेक. मे २०११ मध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले. ज्या मोठ्या कंपन्यांची नावं ग्राहक म्हणून सांगितली जात होती त्यातल्या काहींनी आमचा यांच्याशी संबंध नाही असं सांगून टाकलं. त्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं, खाती गोठवली गेली. आकडे असे सांगितले गेले : सुमारे २४ लाख लोक, सुमारे २,२७६ कोटी रुपये. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, आणि गंमत (खरं तर गंमत नाही) म्हणजे तिथे कंपनीच्या बाजूने भांडायलाही फसलेले सभासदच उभे होते, कारण कंपनी बंद पडली तर आपले पैसे बुडणार हे त्यांना दिसत होतं.

जरा गणित करू. ११,००० भरायचे आणि वर्षाला ५२,००० मिळवायचे. म्हणजे एका सभासदाला पूर्ण पैसे द्यायचे तर जवळजवळ पाच नवीन सभासदांची फी लागते. सर्व्हेला खरं गिऱ्हाईक नसेल तर दुसरीकडून पैसा येणार कुठून? २४ लाखांना वर्षभर पोसायला १ कोटी २० लाख हवेत. त्यांना पोसायला ६ कोटी. मग ३० कोटी. चौथ्या फेरीला १५० कोटी, आणि २०११ मध्ये भारताची लोकसंख्याच १२१ कोटी होती. या हिशोबाला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पाचवीचा गुणाकार पुरतो. तरीही कितीतरी इंजिनिअर त्यात होते, कारण हा गुणाकार कुणी करायलाच बसत नाही. पहिल्या महिन्याचे पैसे वेळेवर आले की माणूस पेन खाली ठेवतो.

कायदा नव्हता असंही नाही. लॉटरीसारख्या चिठ्ठ्या आणि 'माणसं जोडा, पैसे मिळवा' छापाच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ चा आहे. महाराष्ट्राने तर ठेवीदारांसाठी १९९९ मध्ये एमपीआयडी हा स्वतंत्र कायदा केला. पण हे कायदे 'ठेव' आणि 'योजना' शोधत होते. इथे लोक म्हणत होते की आम्ही ठेव ठेवली नाही, आम्ही काम करतो! गुंतवणुकीला नोकरीचा सदरा घातला, हीच तिसऱ्या आवृत्तीची युक्ती.

स्पीक एशियाने शहाणपण आलं का? २०१७ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांनी नोएडातली एक कंपनी पकडली. 'सोशल ट्रेड' नावाचं पोर्टल, ५,७५० पासून ५७,५०० रुपयांपर्यंत पॅकेज घ्या, रोज येणाऱ्या लिंकवर क्लिक करा, क्लिकला ५ रुपये. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ३,७०० कोटी आणि साडेसहा लाखांच्या आसपास लोक. सर्व्हेच्या जागी क्लिक घाला, कोड तोच.

मधेच एक शाखा फुटली ती खेड्यासाठी : बाय-बॅक. "मशीन आमच्याकडून घ्या, वाती-अगरबत्ती-द्रोण बनवा, सगळा माल आम्ही उचलू." किंवा पिल्लं आमच्याकडून घ्या, वाढवा, पक्षी आम्हीच विकत घेऊ. २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईचं सुसी इमू प्रकरण गाजलं. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या कंपनीचं कडकनाथ कोंबडीचं. हजारो शेतकरी, दारात कोंबड्या, आणि माल उचलणारी गाडी यायची बंद. इथे तर वस्तूही खरी असते आणि मेहनतही खरी. खोटं असतं ते फक्त गिऱ्हाईक. कंपनीचा खरा धंदा पिल्लं आणि मशीन विकणं हाच.

आणि मग आलं २०२०.

या जाहिरातीच्या इतिहासात २५ मार्च २०२० हा दिवस फार मोठा आहे. त्याआधी "घरबसल्या नोकरी" म्हटलं की गावातलं निदान एखादं म्हातारं माणूस तरी म्हणायचं, घरी बसून कुठं पगार भेटते काय! लॉकडाऊन लागला आणि माझ्यासारखे शेकडो इंजिनिअर गावी येऊन बसले. मी स्वतः आमच्या ओसरीत खाटेवर लॅपटॉप ठेवून मीटिंगा केल्या आणि महिन्याला बँकेत पगार आला, तो सगळ्या आळीने बघितला. त्या आधी कॉल सेंटर-बीपीओचं काम कर्मचाऱ्याच्या घरून करायचं तर दूरसंचार खात्याची परवानगी, सुरक्षा ठेव असे अडथळे होते. मार्चमध्ये ते तात्पुरते उठले आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नियमच सैल झाले. 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द इज्जतीचा झाला. आणि फसवणाऱ्यांना जे शंभर वर्षांत जमलं नव्हतं ते फुकटात मिळालं : विश्वास.

याच काळात पेन्सिल पॅकिंग आलं. तुम्हीही पाहिलं असेल. फेसबुकवर फोटो, घरात पेन्सिलींचा ढीग, त्यामागे हसणारी बाई, "महिना ३०,००० पगार, १५,००० अ‍ॅडव्हान्स". नटराज पेन्सिलचं नाव सर्रास वापरलं गेलं. त्या पेन्सिली बनवणाऱ्या हिंदुस्थान पेन्सिल्सला जाहीर सांगावं लागलं की घरी बसून पॅकिंगचं असं कोणतंही काम आम्ही देत नाही. तरी आजही ती पोस्ट फिरते. फोन केला की आधी रजिस्ट्रेशनचे काही शे रुपये, मग ओळखपत्राचे, मग कुरियरचे, मग "गाडी तुमच्या गावाजवळ आली आहे, जीएसटी भरा". दर वेळी मागची रक्कम वाचवण्यासाठी पुढची भरायची.

मला गावाकडून असे फोन येतात. "दादा, हे पॅकिंगचं काम खरं हाय का? साडेसहाशेच तं मांगते." कुणी चुलत बहीण, कुणी शेजारची वहिनी. एकदा मी पटकन म्हणालो, असं कोण देतं का घरी बसून तीस हजार! पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "तुले नाही का देत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. तिला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण ती डोळ्यासमोरच्या पुराव्यावरून तर्क करत होती. फरक एवढाच की माझ्या कामाचे पैसे कोण देतं हे मला माहीत आहे आणि तिच्या कामाचे कोण देणार हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

सध्याची आवृत्ती मात्र या सगळ्यांच्या वरताण. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो : यूट्यूब व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, दर कामाचे ५० रुपये. आणि ते पैसे खरंच येतात! दीडशे-दोनशे रुपये यूपीआयवर जमा. "आधी पैसे मागितले तर फसवणूक" हा आपण सगळ्यांना शिकवलेला नियम इथे निकामी होतो, कारण बाण आधी तुमच्याकडे येतो. मग ग्रुपमध्ये घेतात, 'प्रीपेड टास्क' सुरू होतात : हजार भरा, तेराशे मिळवा. तेही मिळतात. मग दहा हजार, पन्नास हजार. एका वेबसाइटवर तुमचं खातं असतं आणि त्यात शिल्लक वाढताना दिसते. काढायला गेलं की "टास्क अपूर्ण आहे", "टॅक्स भरा".

इथे एक गोष्ट धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. स्क्रीनवरची ती शिल्लक म्हणजे पैसे नाहीत. ती डेटाबेसमधल्या एका रकान्यातली एक संख्या आहे. असं डॅशबोर्ड मी एका दुपारी बनवू शकतो आणि त्यात तुमच्या नावापुढे एक कोटी लिहू शकतो. तुमच्या बँकेच्या खात्यात आलेला आकडा तेवढा तुमचा, बाकी सगळी चित्रकला. ग्रुपमध्ये "मला आज १२ हजार मिळाले" म्हणणारे चाळीस लोकही बहुधा तिघे-चौघेच असतात.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा पार्ट टाइम नोकरीच्या नावाखाली चालणाऱ्या शंभरहून जास्त वेबसाइट एका फटक्यात बंद केल्या. नव्या उघडल्या, अर्थातच.

या आवृत्तीत अजून दोन काळ्या गोष्टी आहेत. एक, 'काम' म्हणून तुमचं बँक खातंच भाड्याने मागतात. "खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, टक्केवारी तुमची." हे दुसऱ्या फसलेल्याचे पैसे असतात, आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात. कॉलेजची पोरं यात हमखास अडकतात. दुसरी गोष्ट वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. तुम्हाला मेसेज पाठवणारा कोण? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांकडून जबरदस्तीने ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतलं जात असावं. त्यात भारतीय तरुणही होते. मार्च २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने कंबोडियातून सुमारे २५० जणांना सोडवून परत आणल्याचं सांगितलं. या मुलांना तिथे नेलं कसं? चांगल्या नोकरीच्या आमिषाने, बऱ्याच वेळा डेटा एन्ट्रीच्या. म्हणजे खोट्या नोकरीला भुललेला एक मुलगा पासपोर्ट काढून घेतलेल्या खोलीत बसून दुसऱ्या मुलाला खोट्या नोकरीचे मेसेज पाठवतो आहे. पाकिटातल्या पत्राचं रिकर्शन इथवर आलं.

असो. आता या इतिहासाचा उपयोग. मी दोन प्रश्नांवर आलो आहे.

पहिला, पैशाचा बाण कुठे जातो? पण तो एका दिवसापुरता बघू नका, शेवटपर्यंत काढा. कुठल्याही टप्प्यावर, कुठल्याही नावाने (रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, किट, डिपॉझिट, टॅक्स, परत मिळणारी रक्कम) काम करणाऱ्याकडून पैसा निघत असेल तर ती नोकरी नाही. खरी कंपनी लॅपटॉप पाठवते, बिल पाठवत नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : गिऱ्हाईक कोण? बिडीला ओढणारा होता, पापडाला खाणारा आहे. तुमच्या लाइकचे ५० रुपये कुणाच्या खिशातून येतात? पेन्सिल कारखान्यात मशीनवर डबीत भरता येत असताना ती कुरियरने मंगरूळपीरला पाठवून, परत मागवून, वर ३० हजार पगार देणं कुणाला परवडेल? उत्तर एका वाक्यात सांगता येत नसेल तर गिऱ्हाईक तुम्हीच आहात.

बाकी बारीकसारीक तपासण्या आहेत, त्या पटकन सांगतो :

१. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर फुकट शोधता येतं. पण नाव सापडलं म्हणजे मेसेज त्यांचाच असं नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन फोन करा, मेसेजमधल्या नंबरवर नको.

२. पैसे मागणारं यूपीआय खातं कंपनीच्या नावाचं आहे की कुण्या भलत्याच माणसाच्या?

३. मुलाखत न घेता निवड झाली का? तुम्हाला काय येतं हे कुणीच विचारलं नसेल तर तुमचं काम त्यांना नकोच आहे.

४. आधार, पॅन, पासबुकाचा फोटो पहिल्याच दिवशी मागितला का? तुमच्या नावाने खातं किंवा सिम निघू शकतं.

५. "आज संध्याकाळपर्यंतच", "दोनच जागा शिल्लक". खऱ्या एचआरला इतकी घाई असलेली मी तरी कधी पाहिली नाही :)

आणि पैसे गेलेच असतील तर १९३० हा नंबर. २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली (तेव्हा नंबर वेगळा होता), आणि तिचा उपयोग वेळेवर अवलंबून आहे. पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो, तो बाहेर काढला जाण्याआधी बँकेला कळलं तर तिथेच थांबवता येतो. म्हणजे पहिल्या तासात केलेला फोन आणि आठवड्याने केलेली तक्रार यात जमीन-अस्मानाचा फरक. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही करता येते. पैसे गेले नसतील पण संशयास्पद मेसेज आला असेल तर 'संचार साथी' वर 'चक्षू' म्हणून सोय २०२४ पासून आहे. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक, नंबर, सगळं ठेवा. लाजेने चॅट डिलीट करतात आणि तिथेच पुरावा जातो.

लाज हाच या सगळ्या आवृत्त्यांमधला न बदललेला मॉड्यूल आहे, असं मला वाटतं. दोन डॉलर गेलेल्या अमेरिकन माणसापासून साडेसहाशे गेलेल्या वहिनीपर्यंत सगळे गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यावर पुढची आवृत्ती चालते. म्हणून तुमच्यापैकी जे गावाकडून शहरात आले आहेत त्यांना एक विनंती. फोन आला की हसू नका, "एवढंही कळत नाही?" म्हणू नका. चौकोन-बाण काढून दाखवा. पुढच्या वेळी ती व्यक्ती पैसे भरायच्या आधी फोन करेल.

आणि कधी जमलं तर त्यापुढचंही करा. वाशीममध्ये आता समृद्धी महामार्ग आहे, बऱ्याच घरांत मोबाईल आहे, शिकलेल्या मुली आहेत. आपल्या कंपन्या टेस्टिंग, ट्रान्सक्रिप्शन, मराठी डेटा तपासणं अशी कितीतरी कामं बाहेर देतात. त्यातलं थोडं जरी नियमाने, पगाराच्या पावतीसह रिसोड-मानोऱ्यापर्यंत पोचलं तर मुलींना खऱ्या कामाचा नमुना डोळ्यासमोर मिळेल. नाहीतर "तुले नाही का देत?" हा प्रश्न तसाच राहतो, आणि त्याचं उत्तर द्यायला टेलिग्रामवरचे लोक तयारच बसले आहेत.